भरडाची मूठ

“अजून हात बसला न्हाई माझा.”

हे तुळसाबाईचं पालुपद होतं. तव्यावर भाकरी टम्म फुगायची, शेजारीण म्हणायची, काय भाकरी करतेस गं, आणि तुळसाबाई म्हणायची, अजून हात बसला न्हाई माझा. कुणाच्या गोधडीला टाका घातला, तो शोधून सापडायचा नाही, तरी हेच. शहाडच्या चाळीत पोरंसोरं तिची नक्कल करायची. बायकांना वाटायचं, बाई नम्र आहे. तसं काही नव्हतं. तुळसाबाईइतकी मानी बाई त्या चाळीत दुसरी नव्हती. हात बसणं म्हणजे काय याचं तिच्या मनात एक माप होतं. ते माप तिच्या बापाचं होतं, आणि त्याला आपण अजून पोचलो नाही, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

बाप आटपाडीकडचा. घोंगडी विणायचा. कातरणी झाली की अंगणात लोकरीचा ढीग पडायचा, काळाभोर, तेलकट, मेंढरांच्या वासाचा. बाप त्या ढिगासमोर डोळे मिटून बसायचा. हातात मूठ आली की अंगठा एकदा फिरायचा आणि मूठ आपल्या जागी जाऊन पडायची. ही पाठीची, ही पोटाची, ही पायाची भरड, हे कोकराचं पहिलं जावळ. डोळे उघडायची गरज त्याला कधी पडली नाही. सात वर्षांची तुळसा शेजारी बसून डोळे मिटायची आणि चुकायची. पंधराव्या वर्षी ती अर्धा ढीग एकटी निवडायची आणि क्वचित चुकायची. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा परशुराम शहाडला सुताच्या कारखान्यात होता. ती इकडं आली, आणि लोकर तिकडंच राहिली.

पुढं कारखाना बंद पडला. परशुरामनं काही वर्षं पहारेकरी म्हणून काढली, मग गुडघे गेले आणि तो घरी बसला. तुळसाबाईनं कल्याणच्या बिल्डिंगांमधून अठरा वर्षं भांडी घासली, कपडे धुतले. कुरकुर केली नाही. पण एखाद्या घरी धुवायला स्वेटर निघाला, की ती तो बादलीत टाकायच्या आधी कडेला दोन बोटांत धरून उगाच उभी राहायची. “मावशी, काय झालं?” आतून विचारणा व्हायची. “काय न्हाई, वैनी,” म्हणायची आणि स्वेटर भिजवायची.

चाळीत दोन दारं सोडून रंभा राहायची. ती डोंबिवलीला, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा गिरणीत झाडलोट करायची. परदेशी सूत आणायचं, त्याच्या शाली, मफलर करायचे आणि मोठ्या दुकानांना द्यायचे, असं ते काम. जानेवारीत एका संध्याकाळी रंभा तुळसाबाईच्या दारात येऊन बसली.

“तुळसे, आमच्याकडे बारा गोणी केस आलेत.”

“कसले केस?”

“कुठल्या तरी जनावराचे. अल्पाका म्हणतात. मला आधी वाटलं, कुणी अल्पाबेन गुजराथीण यायचीय. दिवसभर खुर्ची पुसून वाट बघितली तिची.” रंभा स्वतःच हसली. “साहेबानं या वेळी सूत नाही मागवलं, अंगावरचं कातरलेलं तसंच मागवलंय. स्वस्तात पडतं म्हणे. आता ते निवडायला माणूस पाहिजे. मॅडम एकटीच बसलीय त्या ढिगात, रडकुंडीला आलीय बिचारी. मी सांगितलं, आमच्या चाळीत एक बाई आहे, तिचा बाप घोंगडीवाला.”

तुळसाबाई उठली, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा मालक विनीत याच्यासमोर ती उभी राहिली. पस्तिशीचा, घाईतला माणूस. त्यानं सरळ सांगितलं. “बघा मावशी, या बारा गोण्या योगिनी मॅडम तुम्हाला शिकवतील तशा निवडायच्या. याचं सूत चांगलं निघालं, तर आपण पुढेही असाच माल आणणार, आणि निवडायचं टेबल तुमचं. कायम. नाहीतर मी पुन्हा तयार सूत मागवतो, विषय संपला.”

निवडायचं टेबल तुमचं, हे तीन शब्द घेऊन तुळसाबाई त्या रात्री झोपली. पगार किती, हे तिनं विचारलंच नव्हतं. ते परशुरामनं विचारलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

टेबल म्हणजे जाळीचं होतं, दोन माणसं लांब. योगिनी, डोंबिवलीचीच पोरगी, कापडाचं शिक्षण घेतलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिनं पहिली गोणी सोडली आणि आतलं एकसंध कातरलेलं केसांचं एक आख्खं पांघरूण जाळीवर पसरलं. एका जनावराचं सगळं अंग तसंच उलगडून ठेवल्यासारखं. बदामी रंगाचं, ढगासारखं. तुळसाबाईनं पदर खोचला, डोळे मिटले आणि मूठ भरली.

हाताला काही कळलं नाही.

तिनं पुन्हा मूठ भरली. अंगठा फिरवला. मेंढीची लोकर हाताला चिकटते. तिला तेल असतं, त्या तेलातच सगळं लिहिलेलं असतं, लोकर पाठीची की पोटाची, मेंढी भरल्या चाऱ्याची की दुष्काळातली. या लोकरीला तेलच नव्हतं. बोटांतून ती पाण्यासारखी निसटत होती. तिनं नाकाशी धरली. वास नाही. नुसती धूळ.

“कसलं जनावर म्हणायचं हे?” तिनं विचारलं. योगिनीनं मोबाइलमध्ये दाखवलं. उंच मानेचं, कपाळावर झिपऱ्या आलेलं, मिश्कील चेहऱ्याचं.

“उंटाच्या घराण्यातलं आहे मावशी.”

“उंटाच्या घरचं, मेंढीचे कपडे घालून आलंय,” तुळसाबाई म्हणाली. पण हसली नाही.

योगिनी शिकवायला लागली. आधी झटकायचं, धूळ जाळीतून खाली पडू द्यायची. मग कडा काढून टाकायच्या, पोट, पाय, शेपटीकडचं, काड्या, शेण. मग पाठीचा भाग. त्यातला राठ केस, सरळ, जाड, ताठ, तो एकेक वेचायचा. मग बट ओढून बघायची, किती लांब, किती बारीक. बट कानाजवळ धरून ताणायची. ‘टण्ण’ झालं तर चांगली, ‘चर्र’ झालं तर आतून तुटलेली. आणि मग चार क्रेट. पहिल्यात सगळ्यांत मऊ, चौथ्यात भरड.

“बापानं पण असंच येगळं काढलं असतं,” तुळसाबाई म्हणाली. “नावं निराळी.”

“हो ना? मग जमेल तुम्हाला पटकन.”

पण नाही जमलं. पहिला आठवडा सगळा चुकण्यात गेला. तुळसाबाई बट उचलायची, विचार करायची, क्रेटमध्ये टाकायची, आणि योगिनी मागून येऊन ती उचलायची. “मावशी, ही दोनमध्ये कशी आली? तीन आहे ही.” पुन्हा थोड्या वेळानं, “मावशी, ही एक होती ना.” आवाज गोड होता, त्यानं जास्तच झोंबायचं. कुणी खेकसलं असतं तर उलटं बोलता आलं असतं. पन्नाशी पार केलेल्या बाईला, जिनं पंधराव्या वर्षी बापाचा अर्धा ढीग निवडला होता, तिला एक पोरगी गोड आवाजात दिवसातून चाळीस वेळा चूक दाखवत होती, आणि चूक खरीच असायची.

“हिला तेलच न्हाई,” तुळसाबाई करवादायची. “मुकी लोकर हाय ही.”

“तेल विसरा मावशी. बारीकपणा बघा.”

“बारीकपणा तेलातनंच कळतो.”

“इथं नाही कळत.”

जेवणाच्या सुट्टीत रंभा डबा उघडून बसायची. “काय गं, आज किती वेळा नापास?”

“गप जेव.”

“मी काय म्हणते, त्या अल्पाला थोडं खोबरेल लाव. मग ओळखशील.”

“रंभे, त्वांड सांभाळ.”

घरी तिला सराव करायचा होता, पण लोकर गिरणीबाहेर न्यायची मुभा नव्हती. एका रविवारी दुपारी परशुराम खाटेवर डुलक्या घेत होता. त्याच्या मिशीचा एक केस तिनं उपटला. तो दचकून उठला. तोवर तिनं त्याच्या कानामागचा एक केस उपटला होता आणि दोन्ही बोटांत धरून खिडकीशी उजेडात बघत होती.

“डोकं फिरलंय का तुझं?”

“मिशीचा चारमध्ये,” ती स्वतःशी म्हणाली. “कानामागचा दोनमध्ये.”

“मी काय कातरणीला आणलेला बोकड हाय काय?”

“बोकडाचा बरा असतो. तुमची मिशी लईच भरड निघाली.” तिनं आपल्या डोक्याचा केस उपटला, तिन्हींची तुलना केली आणि तिचा चेहरा पडला. बोटांना तिन्ही सारखेच लागत होते.

त्या दिवशी तिला कळलं की खोट लोकरीत नव्हती. अठरा वर्षांच्या भांड्यांनी, धुण्याच्या पावडरींनी तिच्या बोटांचे शेंडे मेले होते. कातडं होतं, पण त्याच्या आत कुणी राहत नव्हतं. ज्या हातावर ती एवढी ऐटीत उभी राहिली होती, तो हात तिनं कल्याणच्या मोऱ्यांमध्ये थोडा थोडा धुऊन टाकला होता. ती बराच वेळ तशीच खिडकीशी उभी राहिली. मग तिनं परशुरामच्या मिशीचा केस खालच्या ओठावरून फिरवला. टोचला. कानामागचा फिरवला. कमी टोचला. स्वतःचा फिरवला, तर तो नुसता सरकला.

“आता खाणार काय ते?” परशुराम म्हणाला आणि कुशीवर वळला.

सोमवारपासून ती बट ओठावर फिरवून निवडू लागली. योगिनीला आधी किळस आली. “मावशी, धूळ असते त्याला, आजारी पडाल.” पण क्रेट तपासले तर चूक निघेना. मग तुळसाबाईनं ओठ सोडून मनगटाची आतली बाजू वापरायला सुरुवात केली, जिथं नाडी लागते, तिथलं कातडं अजून जिवंत होतं. महिना संपता संपता योगिनी नुसती वरवर बघून पुढं जायला लागली. दोन गोण्या दोघींनी मिळून संपवल्या होत्या. तिसरीला योगिनी म्हणाली, “आता ही तुम्ही एकट्यानं करा. मला वरचं काम आहे.”

आता इथं नेमकं काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढं सगळे ते आपापल्या परीनं सांगू लागले.

तुळसाबाई तिसऱ्या गोणीशी एकटी बसली. सबंध दिवस बसून तिनं ती निवडली. पहिला क्रेट भरला. त्यात एकही राठ केस नव्हता. तिनं दोन्ही हातांनी ती लोकर वर उचलली आणि सोडली. लोकर खाली बसली आणि बसूनच राहिली. मऊ होती, फार मऊ. पण त्यात उभं राहायचं बळ नव्हतं. तुळसाबाईनं ती पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. तिला वाईट वाटलं. एवढी देखणी लोकर, आणि कणा नाही.

तिच्या बापाच्या घरी असं कधी सोडत नसत. जावळ वेगळं काढायचं, भरड वेगळी काढायची, आणि मग दहा मुठी जावळात एक मूठ भरड मोजून परत घालायची. ती नसली तर घोंगडं चार महिन्यांत लोंबायला लागतं, त्याला थंडी अडत नाही, पाऊस अडत नाही. वेगळं काढायचं ते फेकण्यासाठी नव्हे, मापानं परत घालण्यासाठी. ती शेवटची मूठ घरातलं वडीलधारं माणूस घालायचं. त्यानं ती घातली की निवड झाली. घालताना बोलायचं नाही, घातली म्हणून सांगायचं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नसतंच. आमटीत मीठ घातलं, असं कोण सांगतं?

योगिनीनं ‘वेगळं काढा’ एवढंच शिकवलं होतं. वेगळं काढून पुढं काय, हे ती बोलली नव्हती. तुळसाबाईला वाटलं, ते सांगायचं नसतंच, ते निवडणाऱ्याचं काम.

तिनं चौथ्या क्रेटमधून एक मूठ भरड घेतली, बोटांनी फुलवली आणि पहिल्या क्रेटमध्ये घालून अशी मिसळली, अशी मिसळली, की डोळ्याला दिसू नये. दहाला एक. बापाच्या घरात आता तिच्याहून वडील कुणी उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मूठ तिच्या हातानं पडत होती.

अशा दहा गोण्या तिनं निवडल्या. योगिनी येऊन वरची लोकर उचलून बघायची, दोन-तीन बटा ताणायची, मान हलवायची. तिला काही दिसायचं नाही. तुळसाबाईच्या मिसळण्यात दिसण्यासारखं काही उरायचंच नाही.

तिनं निवडलेल्या त्या दहांतल्या चार गोण्या धुऊन, वाळवून, पिंजून सूत काढून झालं. त्याचा पहिला मफलर तयार झाला. विनीतनं तो गळ्यात घातला आणि दुकानवाल्यांना भेटायला ठाण्याला गेला. दुपारी तो परत आला तेव्हा त्याची मान लालभडक झाली होती.

तो टेबलापाशी येऊन थांबला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“योगिनी, हे काय आहे? दोन तास घातला फक्त. खाजवून खाजवून जीव गेला. त्या दुकानातल्या बाईनं हात लावला आणि बाजूला ठेवला.”

योगिनीनं मफलर उजेडात धरला. “सर, ग्रेडिंग मी स्वतः चेक केलेलं. प्रत्येक क्रेट.”

“मग काय चेक केलेलं?”

“मशीनमध्ये काहीतरी असेल सर. किंवा मालच तसा आला असेल.”

“म्हणजे त्यांना मेल करू? तुमचा माल टोचतो म्हणून?”

टेबलाच्या पलीकडून तुळसाबाईचा आवाज आला. तिनं त्यातलं नुसतं ‘टोचतो’ एवढंच धरलं होतं आणि तिचा चेहरा उजळला होता.

“टोचणारच की, सायेब. मूठ घातलीया मी.”

“कसली मूठ?” योगिनीनं विचारलं.

“भरडाची. दहाला एक. त्याबिगर कणा कुठनं यायचा?”

योगिनी चटकन खाली बसली, स्टुलावर. “सगळ्या गोण्यांमध्ये?”

“पहिल्या दोन तुमच्या संगं केल्या, त्यात न्हाई. माझ्या दहांत हाय.” ती अजून हसत होती, पण हसू अडखळायला लागलं होतं. “का वो? कमी पडली का?”

“मावशी, कोणी सांगितलेलं तुम्हाला?” विनीत म्हणाला.

“सांगाय कशाला पायजे?”

“अहो, महिनाभर मी तेच शिकवत होते ना,” योगिनीचा आवाज पहिल्यांदाच गोड राहिला नाही. “राठ केस काढा, राठ केस काढा. कशाला काढायला लावत होते मी? परत घालायला?”

“व्हय. मापानं.”

“ती शाल आहे मावशी. गळ्याला गुंडाळतात. घोंगडं नाहीये ते.”

“न टोचणारं कापड अंगावर ऱ्हातं कसं?” तुळसाबाई म्हणाली. तिचाही आवाज चढला. “अंगाला कळाया नको, काय पांघरलंय ते? आन् तुमी येकदा तरी बोलला का, काढून टाकायचं म्हणून? बाजूला काढा म्हणाला. मी बाजूला काढलं. चौथ्या पेटीत सांभाळून ठेवा म्हणाला. ठेवलं. टाकायचं व्हतं तर सांभाळून कशाला ठेवायचं?”

चौथा क्रेट सतरंज्या करणाऱ्याला विकायचा होता, हे योगिनीनं खरंच सांगितलं नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

विनीतनं मफलर टेबलावर ठेवला. “चार गोण्यांचं सूत गेलं. सहा राहिल्यात ना पिंजायच्या? त्यातनं काढता येईल?”

योगिनी म्हणाली, “नाही येणार सर. मिसळलंय ते. दिसतसुद्धा नाही.”

“मी काढते,” तुळसाबाई म्हणाली.

नऊ दिवस ती काढत होती. सकाळी आठला शहाडहून यायची आणि संध्याकाळी गिरणीचं शटर अर्धं खाली येईपर्यंत उठायची नाही. स्वतः घातलेला एकेक केस स्वतःच वेचायचा. दुसऱ्या कुणी घातला असता तर सोपं गेलं असतं. तिनं इतक्या कसबानं मिसळला होता, इतका फुलवून, इतका खोल, की ती दिवसभर स्वतःच्याच हुशारीशी भांडत होती. बट उचलायची, मनगटावर फिरवायची, टोचलं की थांबायची, केस शोधायची, दोन नखांत धरून सावकाश ओढायची, मऊ लोकर तुटू न देता. एक केस निघाला की शेजारचा टोचायचा. चौथ्या दिवशी मनगटाचं कातडं सोलवटून लाल झालं. तिनं दुसरा हात घेतला.

ती कुणाशी बोलेना. योगिनी दोन वेळा येऊन शेजारी बसली, मदत करू लागली, पण तिला केस सापडेनात. तास-दीड तास बसून तिनं सात केस काढले. तुळसाबाईनं ते सात बघितले आणि म्हणाली, “ह्यातले दोन चांगले व्हते.” योगिनी उठून गेली.

रंभा डबा घेऊन आली. “जेवशील की नाही?”

“न्हाई.”

“किती राग करशील? चूक झाली, झाली.”

“चूक कुणाची म्हणतीस तू?”

रंभानं डबा उघडता उघडता झाकण पुन्हा लावलं. “मला नको विचारू बाई. मी तुला इथं आणली. साहेब मला पण बघतोय तिरक्या नजरेनं. तू मला विचारायचं तरी होतंस, घालू का म्हणून.”

“तुला लोकरीतलं काय कळतं?”

“काही नाही कळत. म्हणूनच म्हटलं असतं, नको घालू.”

तुळसाबाईनं हातातली बट खाली ठेवली. पुन्हा उचलली. काम करू लागली. राग कुणावर धरावा हे तिला ठरवता येत नव्हतं. पोरीवर धरावा तर पोरगी खोटं बोलली नव्हती. मालकावर धरावा तर त्यानं तिला हाकलली नव्हती. बापावर धरावा, ज्यानं मूठ शिकवली, तर हात थांबायचा. मग तो राग फिरून फिरून त्या लोकरीवर जायचा, त्या बिनतेलाच्या, बिनवासाच्या, मुक्या लोकरीवर, आणि ती बट जरा जास्तच जोरात ताणायची. तुटायची. मग ती फेकावी लागायची.

नवव्या दिवशी सहाव्या गोणीतला शेवटचा केस निघाला. योगिनीनं क्रेट तपासले. या वेळी तिनं वरवर नाही बघितलं. प्रत्येक क्रेटच्या तळापासून मूठ काढली, मानेवर घासली, पुन्हा घासली. मग ती वर विनीतच्या खोलीत गेली.

“सर, अशी निवड मी कॉलेजच्या नमुन्यांतसुद्धा बघितलेली नाही,” ती म्हणाली. “त्यांना ठेवा.”

विनीत खिडकीशी उभा होता. “योगिनी, मला पटतंय. पण मी परवाच तिकडे ऑर्डर दिली. पुढची खेप निवडून, धुऊन, पिंजूनच येणार. दुकानवाले परत एकदा टोचलेलं खपवून घेणार नाहीत. मला ही रिस्क परवडत नाही.”

“म्हणजे टेबलच नाही?”

“टेबलच नाही.”

“मला सांगायचं ना सर. त्या नऊ दिवस बसल्या.”

“मी सांगणार होतो,” विनीत म्हणाला. “त्या बसल्या होत्या, म्हणून नाही सांगितलं.”

तो स्वतः खाली आला. त्याला ते योगिनीवर सोडता आलं असतं, पण त्यानं सोडलं नाही. तुळसाबाई जाळीवरची धूळ झाडत होती. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. तिचा हात जाळीवरून फिरत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“काम उत्तम झालंय मावशी. मॅडमनी सांगितलं.”

“आता झालं व्हय?”

“खरंच. आणि तुम्हाला सोडायचं नाहीये मला. रंभाबरोबर झाडलोट, पॅकिंग, काहीही बघा. उद्यापासून.”

“झाडाया मी कल्याणात जाते की,” तुळसाबाई म्हणाली. “तिथली माणसं वळखीची हायती. लोकर दाखवून हातात झाडू देत न्हाईत.”

विनीत कोपऱ्याकडं हात करून म्हणाला, “ती भरड आहे, तुम्ही काढलेली. अख्खी गोणी भरलीय. तुम्ही न्या हवी तर. तुमच्या उपयोगाची आहे.”

तिनं त्या गोणीकडं बघितलं. तोंड उघडंच होतं. वर आलेले राठ केस पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. काळे, बदामी, पांढरे.

“माग कुठाय माझ्याकडं?” ती म्हणाली. “काय करू नेऊन?”

तिनं डब्याची पिशवी उचलली. खुंटीवरची ओढणी काढून डोक्याला गुंडाळली, कारण बाहेर ऊन होतं. टेबलाजवळून जाताना तिनं त्याला हात लावला नाही. रंभा दारापाशी उडालेली लव झाडूनं गोळा करत होती. दोघींची नजरानजर झाली.

“थांब ना तुळसे, पाच वाजता बरोबर जाऊ.”

“मी चालती. तू ये सावकाश.”

पहारेकरी गोपीनाथनं फाटक उघडलं. मागं त्यानं तिच्याकडून वहीत नाव लिहून घ्यायचा आग्रह धरला होता, आज त्यानं वही पुढं केली नाही. तुळसाबाई रस्त्याला लागली. रिक्षा थांबत होत्या, कल्याण, कल्याण म्हणत होत्या, ती एकीतही बसली नाही. रसायनांच्या आंबट वासाच्या त्या रस्त्यानं, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेनं, टँकरना बाजू देत ती मानपाड्याच्या चौकाच्या दिशेनं चालत गेली. पिशवी डाव्या हातात होती. उजवा हात मोकळा होता आणि त्याची बोटं चालता चालता हलत होती, अंगठा तर्जनीवरून फिरत होता.

रंभानं मान वर करून बघितलं नाही. तिला ती सगळी लव वाऱ्यानं पसरायच्या आत भरायची होती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून योगिनी बघत होती. एकदा तिला हाक मारावीशी वाटली, पण एवढ्या लांबून मारायची हाक काय असावी ते तिला सुचलं नाही. एक टँकर वळणावर आडवा आला. तो पुढं सरकला तेव्हा रस्त्यावर दुसरीच माणसं होती, आणि तरी योगिनी आणखी थोडा वेळ खिडकीत उभी राहिली.